बत्तीस वर्षांची विस्मृती

एखादा रोग देशातून नाहीसा झाला, असे नेमके केव्हा म्हणावे? लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन अँड हायजिन या संस्थेच्या नियतकालिकात १९८६ साली एक छोटेसे टिपण प्रसिद्ध झाले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचे संचालकपद भूषविलेल्या डॉ. खोर्शेद पावरी यांनी ते लिहिले होते आणि त्याचा विषय होता भारत व आग्नेय आशिया या भागांतून चिकुनगुन्याच्या विषाणूचे नाहीसे होणे. त्या काळी हा विषय मुळीच अवास्तव नव्हता. १९६३ साली कलकत्त्यात, १९६४ साली मद्रासेत आणि १९६५ साली आंध्रच्या किनाऱ्यावरील शहरांत व नागपुरात या रोगाच्या मोठ्या साथी येऊन गेल्या होत्या. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी गावात तो पुन्हा उपटला आणि तेथील वस्तीपैकी एक-तृतीयांशाहून अधिक लोकांना त्याने अंथरुणाला खिळविले. त्यानंतर मात्र सर्वत्र शांतता पसरली. पुढे वैद्यकीय महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्या डॉक्टरांच्या कित्येक तुकड्यांनी या रोगाचा एकही रुग्ण पाहिला नाही.

ही शांतता बत्तीस वर्षे टिकली. २००५ सालाच्या अखेरीस आंध्र प्रदेशातून तापाच्या आणि असह्य सांधेदुखीच्या बातम्या येऊ लागल्या. पाहता पाहता कर्नाटक, महाराष्ट्र, मध्य प्रदेश, तामिळनाडू, गुजरात आणि केरळ ही राज्ये साथीच्या कक्षेत आली. २००६ या एका वर्षात देशभरात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्णांची सरकारदरबारी नोंद झाली. त्यांतील साडेसात लाखांहून अधिक एकट्या कर्नाटकातील आणि अडीच लाखांहून अधिक महाराष्ट्रातील होते. मालेगावच्या दाट वस्तीपासून मराठवाड्याच्या खेड्यांपर्यंत घरेच्या घरे आजारी पडली. नावातील ध्वनिसाम्यामुळे पुष्कळांनी या रोगाचा संबंध कोंबडीशी जोडला. त्याच वर्षाच्या प्रारंभी नवापूर येथे कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लूची साथ आली होती. त्यामुळे या गैरसमजाला बळच मिळाले. समाजाची स्मृती किती पुसट झाली होती, याचे हे द्योतक होते. महाराष्ट्राच्याच भूमीवर येऊन गेलेला रोग महाराष्ट्राला नवा वाटत होता.

वाकविणारा रोग

चिकुनगुन्या हे नाव आफ्रिकेतील माकोंदे लोकांच्या भाषेतून आले आहे. ‘जे वाकविते’ असा त्याचा साधारण अर्थ. त्या वेळच्या टांगानिकाच्या, म्हणजे आजच्या टांझानियाच्या, दक्षिणेकडील माकोंदे पठारावर १९५२-५३ साली जी साथ आली, तिच्या अभ्यासातून या रोगाची प्रथम स्वतंत्र ओळख पटली. सांधे धरल्याने कमरेत वाकून चालणारा रुग्ण पाहून तेथील लोकांनी दिलेले हे नाव वैद्यकशास्त्राने तसेच स्वीकारले. विषाणूबाधित डास चावल्यानंतर साधारणपणे तीन ते सात दिवसांत एकाएकी जोराचा ताप चढतो, अंगावर पुरळ येते आणि हातापायांचे लहानमोठे सांधे दुखू लागतात. ताप आठवडाभरात उतरतो. सांधेदुखी मात्र अनेकांची पाठ महिनोन् महिने, क्वचित वर्षानुवर्षे सोडत नाही. विषाणूचा नायनाट करील असे औषध अद्याप उपलब्ध नाही. विश्रांती, भरपूर पाणी आणि वेदनाशामके एवढाच उपचार. डेंग्यूची शक्यता नाकारता येईपर्यंत त्या वेदनाशामकांच्या निवडीतही सावधगिरी बाळगावी लागते, कारण काही औषधांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

हा रोग सहसा जीव घेत नाही, आणि त्याच्याकडे दुर्लक्ष होण्याचे तेच मोठे कारण आहे. पटकी किंवा प्लेग म्हटले की शासन आणि समाज दोन्ही खडबडून जागे होतात. ‘सांधे दुखतात’ या तक्रारीने कोणतीही यंत्रणा हलत नाही. परंतु ज्याचे पोट हातांवर आहे, त्याचे हातच निकामी झाले तर काय होते, याचा विचार करावयास हवा. मूठ वळत नसलेल्या शेतमजुराला खुरपे धरता येत नाही. यंत्रमागावरच्या कामगाराला तुटलेला धागा सांधता येत नाही. पहाटे उठून पाणी भरणाऱ्या, भाकऱ्या थापणाऱ्या गृहिणीला तर आजारपणाची रजाच नसते. एका घरातील चार माणसे एकाच वेळी अंथरुणावर पडली की त्या घराची मजुरी बुडते आणि औषधाचे कर्ज तेवढे डोक्यावर बसते. मृत्यूंच्या तक्त्यात हे नुकसान कोठेच दिसत नाही.

गेला कसा, आला कसा?

आफ्रिकेत हा विषाणू रानातील माकडे आणि रानातील डास यांच्या चक्रात शतकानुशतके टिकून राहिला आहे. आशियात मात्र त्याचा संसार मुख्यतः माणूस आणि घरगुती डास या दोघांवरच चालतो. एकदा हा रोग होऊन गेलेल्या माणसाला दीर्घकाळ, बहुधा आयुष्यभर, त्याच्यापासून संरक्षण लाभते. त्यामुळे एखाद्या शहरातील बहुसंख्य लोकांना लागण होऊन गेली की विषाणूला नवे आश्रयस्थान मिळेनासे होते आणि साथ आपोआप विझते. १९७३ नंतर भारतात असेच काही घडले असावे, असे मानण्यास आधार आहे.

परंतु ही ढाल कायमची नसते. दरवर्षी नवी मुले जन्माला येतात आणि त्यांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्ये नसतात. कलकत्त्यात १९९०-नंतरच्या दशकात झालेल्या रक्ततपासणीत अशी प्रतिद्रव्ये पाच टक्क्यांहूनही कमी लोकांत आढळली, आणि त्यांचे प्रमाण सर्वांत जास्त होते ते पन्नाशी ओलांडलेल्यांत. याचा अर्थ स्पष्ट होता. १९६३ ची साथ पाहिलेली पिढी म्हातारी होत चालली होती आणि तिच्यामागून आलेली संपूर्ण तरुण पिढी उघड्यावर उभी होती. गवत वाळले होते, ठिणगी पडण्याचाच काय तो अवकाश होता.

ठिणगी आली ती आफ्रिकेच्या दिशेने. २००४ साली केनियाच्या किनाऱ्यावरील लामू बेटावर मोठी साथ उद्भवली. तेथून ती कोमोरोस बेटांवर आणि पुढे हिंदी महासागरातील रेयुनियाँ या फ्रेंच बेटावर पोहोचली. पावणेआठ लाख वस्तीच्या त्या बेटावर २००५-०६ मध्ये सुमारे एक-तृतीयांश लोक आजारी पडले. भारतातील २००६ च्या विषाणूची जनुकीय तपासणी पुण्याच्या संस्थेत झाली, तेव्हा तो १९६३ ते १९७३ या काळातील जुन्या आशियाई वंशाचा नसून आफ्रिकी वंशाचा असल्याचे दिसून आले. म्हणजे जुना पाहुणा परत आला नव्हता. त्याचा दूरचा भाऊबंद आला होता.

या तपासणीत आणखी एक गोष्ट उघड झाली, आणि ती अधिक विचार करावयास लावणारी आहे. पुणे जिल्ह्यातील यवत या गावी २००० साली पकडलेल्या डासांतून जो विषाणू वेगळा करून ठेवला होता, तोही आफ्रिकी वंशाचाच निघाला. साथ भडकण्याच्या पाच वर्षे आधी नव्या वंशाचा विषाणू महाराष्ट्रात येऊन ठेपला होता! शास्त्रज्ञांनी तो पकडला, जपून ठेवला, हे त्यांच्या चिकाटीचे फळ होय. पण एका गावातील एका नमुन्यावरून धोक्याची घंटा वाजविण्यासाठी जी सलग, सर्वदूर आणि वर्षानुवर्षे चालणारी पाहणी लागते, ती देशात नव्हती. साथ नाही म्हणून पाहणी नाही, आणि पाहणी नाही म्हणून साथीची चाहूल नाही, असे हे दुष्टचक्र आहे.

न मोजलेले मृत्यू

२००६ च्या साथीत चिकुनगुन्यामुळे देशात एकही मृत्यू झाला नाही, अशी अधिकृत भूमिका घेण्यात आली. रेयुनियाँ बेटावर मात्र त्याच सुमारास दोनशेहून अधिक मृत्यू-दाखल्यांवर या रोगाचा उल्लेख होता. मरण पावलेले बहुतेक लोक वृद्ध किंवा आधीच अन्य व्याधींनी ग्रस्त होते. एकच विषाणू एका बेटावर जीव घेतो आणि कित्येक पटींनी मोठ्या देशात कोणालाही मारीत नाही, हे तर्काला पटणारे नव्हते. अहमदाबाद शहरातील मृत्यूंच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या तेव्हा २००६ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या चार महिन्यांत, पूर्वीच्या वर्षांच्या मानाने, २,९४४ मृत्यू अधिक झाल्याचे आढळले. यांतील प्रत्येक मृत्यू चिकुनगुन्यामुळेच झाला, असे सिद्ध करता येत नाही. पण साथीच्या ऐन भरात एका शहरात सुमारे तीन हजार माणसे नेहमीपेक्षा अधिक दगावतात आणि त्याचा उलगडा कोणत्याही सरकारी अहवालात होत नाही, ही गोष्ट गंभीर आहे यात शंका नाही.

नोंदींचे दारिद्र्य एवढ्यापुरतेच नव्हते. जवळजवळ चौदा लाख संशयित रुग्णांपैकी प्रयोगशाळेत शिक्कामोर्तब झाले ते सुमारे दोन हजारांवर. साथीच्या धामधुमीत प्रत्येकाचे रक्त तपासणे शक्य नसते आणि आवश्यकही नसते, हे मान्य केले पाहिजे. मात्र साथ लहान असताना, पहिले दहा-वीस रुग्ण दिसत असताना तपासणी झाली, तरच तिचा उपयोग. आज स्थिती काही प्रमाणात सुधारली आहे. पुण्याच्या संस्थेने तयार केलेले तपासणी-संच देशभरातील निवडक प्रयोगशाळांना पुरविले जातात. तरीही खेड्यातील रुग्ण प्रथम जातो तो खाजगी दवाखान्यात. तेथे इंजेक्शन घेऊन तो घरी परततो आणि कोणत्याही नोंदवहीत त्याचे नाव चढत नाही.

डास आणि पाण्याचे राजकारण

चिकुनगुन्या पसरविणारा एडिस इजिप्ती हा डास हिवतापाच्या डासासारखा नाही. गटारात किंवा दलदलीत वाढण्यापेक्षा घरातले स्वच्छ, साठविलेले पाणी त्याला प्रिय. रांजण, पिंप, सिमेंटची हौदी, गच्चीवरची झाकण नसलेली टाकी, कूलर, कुंडीखालची बशी, अंगणात पडलेला जुना टायर या त्याच्या जागा. तो दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि दुपार कलल्यावर. म्हणून रात्रीची मच्छरदाणी त्याच्यापुढे फारशी उपयोगी पडत नाही. सहसा तो जन्मस्थानापासून काही शे मीटरांपलीकडे जात नाही. म्हणजे घरातल्या आजारी माणसाला चावणारा डास बहुधा त्याच घरात किंवा शेजारी जन्मलेला असतो. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्यातही महिनोन् महिने तग धरतात. पाणी लागले की अळ्या बाहेर पडतात आणि उष्ण हवेत सात ते दहा दिवसांत नवा डास उडू लागतो.

या शेवटच्या आकड्यावरच सारी प्रतिबंधक योजना उभी आहे. आठवड्यातून एकदा घरातील सर्व भांडी रिकामी करा, घासा आणि कोरडी ठेवा, असे आरोग्य खाते सांगते. ‘कोरडा दिवस’ पाळण्याचा हा सल्ला शास्त्रदृष्ट्या बिनचूक आहे. परंतु ज्या गावात नळाला आठवड्यातून एकदाच पाणी येते, तेथील गृहिणीने पिंप कोणत्या दिवशी ओतून द्यावे? मराठवाड्यातील आणि सोलापूर भागातील कित्येक वस्त्यांची ही उन्हाळ्यातील नित्याची स्थिती आहे. बार्शीची १९७३ ची साथ १९७२ च्या भीषण दुष्काळाच्या पाठोपाठ आली होती, ही गोष्टही या संदर्भात विसरून चालणार नाही. पाण्याची टंचाई म्हणजे साठवण, आणि साठवण म्हणजे डासांची पैदास. एकाच नगरपालिकेचा पाणीपुरवठा विभाग लोकांना पाणी साठविण्यास भाग पाडतो आणि तिचाच आरोग्य विभाग साठविलेल्या पाण्याबद्दल त्याच लोकांना नोटिसा बजावतो. या विसंगतीचा दोष नागरिकांच्या अज्ञानावर ढकलणे हे न्यायाचे नाही.

साथ आली की गल्लीबोळांतून धूर सोडणारी यंत्रे फिरू लागतात. धुराचा तो लोट नगरसेवकाला आवडतो, कारण तो मतदारांना दिसतो. परंतु घरात, पलंगाखाली, कपड्यांच्या घडीत बसणाऱ्या डासाला रस्त्यावरचा धूर क्वचितच गाठतो, आणि अळ्यांवर तर त्याचा काहीच परिणाम होत नाही. घरोघर जाऊन भांडी तपासणारा, झाकण नसलेल्या टाकीवर जाळी बसवून घेणारा, मोठ्या हौदात गप्पी मासे सोडणारा कर्मचारी कोणाच्या नजरेत भरत नाही. रोग मात्र तोच थोपवितो.

श्रीमंतांच्या अंगणात

हा रोग केवळ गरीब देशांचा आहे, अशी समजूत असेल तर तीही आता सोडून द्यावी लागेल. २००७ च्या उन्हाळ्यात केरळहून इटलीस गेलेल्या एका प्रवाशाच्या रक्तातून विषाणू तेथील दोन लहान गावांत पोहोचला आणि दोनशेहून अधिक लोकांना लागण झाली. युरोपच्या भूमीवर स्थानिक डासांमुळे पसरलेली चिकुनगुन्याची ती पहिली साथ. तेथे वाहक होता एडिस अल्बोपिक्टस हा अंगावर पांढरे पट्टे असलेला दुसरा डास, जो जुन्या टायरांच्या व्यापारातून आशियातून जगभर पसरला होता. रेयुनियाँमध्ये विषाणूच्या बाह्य प्रथिनातील अवघा एक घटक बदलला आणि त्या बदलामुळे हा दुसरा डास त्याचे उत्तम वाहन बनला. केरळातही २००७ साली तोच बदल आढळला. तेथील रबराच्या मळ्यांत चीक गोळा करण्यासाठी झाडांना बांधलेल्या वाट्यांत पावसाचे पाणी साचते, आणि त्या वाट्या या डासाची पाळणाघरे बनल्या.

अमेरिका खंडाची कथा अधिक बोधप्रद आहे. १९४७ पासून तेथील देशांनी एकजुटीने एडिस इजिप्ती डासाविरुद्ध मोहीम चालविली आणि १९६२ पर्यंत अठरा देशांनी त्याचे उच्चाटन केले होते. यश मिळताच निधी आटला, कर्मचारी अन्यत्र गेले आणि पुढील काही दशकांत डास बहुतेक ठिकाणी परतला. २०१३ च्या डिसेंबरात कॅरिबियन समुद्रातील सेंट मार्टिन बेटावर चिकुनगुन्या उतरला तेव्हा त्याचे स्वागत करण्यास हा डास सज्ज होता. वर्षभरात त्या खंडातील संशयित रुग्णांची संख्या दहा लाखांच्या वर गेली. २०२५ साली चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील फोशान शहरातही हजारो लोकांना लागण झाली. यशानंतरची बेफिकिरी ही जगात सर्वत्र सारखीच महाग पडते.

लस आणि तिच्या मर्यादा

लसीबद्दल आशा बाळगण्यास जागा आहे, पण घाईने नव्हे. अमेरिकेने नोव्हेंबर २०२३ मध्ये जिवंत परंतु क्षीण केलेल्या विषाणूच्या लसीला मान्यता दिली. पुढे काही वृद्धांमध्ये गंभीर दुष्परिणाम आढळले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तिचा परवाना तेथे स्थगित करण्यात आला. फेब्रुवारी २०२५ मध्ये मान्य झालेली दुसरी लस वेगळ्या पद्धतीची, जिवंत विषाणू नसलेली आहे. भारतासारख्या देशात कोट्यवधी लोकांना परवडेल अशी लस हाती येईपर्यंत झाकण असलेले पिंप हेच सर्वांत भरवशाचे साधन आहे.

येथे शाळा आणि कचेऱ्या यांचा वाटा लहान नाही. हा डास दिवसा चावतो, आणि दिवसाचे सहा-आठ तास मुले वर्गात, तर कारकून कचेरीत असतात. शाळेच्या गच्चीवरील टाकी, कचेरीच्या खिडकीतील कूलर, अंगणातील मोडके सामान यांची दर आठवड्याला पाहणी करणे हे विद्यार्थ्यांच्या हाती देण्यासारखे काम आहे. बाटलीत पकडलेली वळवळणारी अळी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला मुलगा घरातले पिंप उघडे राहू देणार नाही. पाठ्यपुस्तकातील दहा ओळींपेक्षा त्याचा परिणाम अधिक टिकेल. अर्थात शिक्षक आणि विद्यार्थी यांच्या खांद्यावर ओझे टाकून शासनाला आपल्या जबाबदारीतून मोकळे होता येणार नाही. दररोज, निदान दिवसाआड, पुरेसे पाणी. साथ नसतानाही बारमाही चालणारी डासांची आणि रक्तनमुन्यांची पाहणी. खाजगी दवाखान्यांतील रुग्णांची नोंद. आणि साथीच्या काळात एकूण मृत्यूंची पूर्वीच्या वर्षांशी प्रामाणिक तुलना, या चार गोष्टी शासनाने आणि स्थानिक संस्थांनीच करावयाच्या आहेत. यांपैकी कोणतीही अशक्यप्राय नाही.

हे निकडीचे का आहे, ते २०१७-१८ मध्ये झालेल्या देशव्यापी रक्ततपासणीने दाखवून दिले आहे. पाच ते पंचेचाळीस वर्षे वयाच्या भारतीयांपैकी सुमारे १८ टक्क्यांच्या रक्तातच चिकुनगुन्याविरुद्धची प्रतिद्रव्ये आढळली. दक्षिणेत हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर, तर ईशान्य भारतात जवळजवळ शून्य होते. म्हणजे २००६ ची प्रचंड साथ आणि २०१६ मध्ये दिल्लीसह अनेक ठिकाणी झालेला उद्रेक होऊनही या वयोगटातील पाचांपैकी चार जण विषाणूला अनोळखीच होते. २००६ साली जन्मलेली मुले आज महाविद्यालयांत आहेत आणि त्यांच्या मागून दरवर्षी नवी मुले शाळेत दाखल होत आहेत. १९७३ नंतर जी बत्तीस वर्षे मिळाली होती, ती तयारीविना गेली. या वेळी किती वर्षे मिळतील ते विषाणू ठरवील. त्यांचा उपयोग कसा करावयाचा, एवढेच शासनाच्या आणि समाजाच्या हाती आहे.